फेक किती, आमिष कोणतं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गळकाठी घेऊन नदीकडे निघालेल्या माणसाला आमच्या पलूस तालुक्यात वाटेत भेटणारा प्रत्येकजण दोन प्रश्न विचारतो. "किती लांब जातोय ओ?" हा पहिला. तो माझ्याबद्दल नसतो, गळाबद्दल असतो. आणि दुसरा, "काय लावलंय?" चाळीसेक वर्षं कृष्णेच्या काठावर बसल्यावर मला असं वाटतं, की या दोन प्रश्नांत गळाची बहुतेक विद्या आली. फक्त लोक ते उलट्या क्रमाने विचारतात. आधी माशाला काय हवं ते कळलं पाहिजे. ते कळलं की तो कुठे असेल ते कळतं, आणि मग गळ किती लांब टाकायचा हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही.

पलूस गाव काही नदीवर वसलेलं नाही. नदी गाठायची तर आमणापूर, भिलवडी, अंकलखोप, बालगंधर्वांचं नागठाणे, नाहीतर येरळा कृष्णेला मिळते ते ब्रह्मनाळ, यांपैकी कुठे तरी जावं लागतं. कृष्णा या टापूत सरळ अशी वाहतच नाही. सारखी वळणं घेते. नदी वळली की पाण्याचा जोर बाहेरच्या काठावर येतो आणि तो काठ आतून खात जातो. तिथे दरड उभी असते आणि दरडीखाली लगेच खोल पाणी. आतल्या काठाला मात्र पाणी मंद होतं, गाळ आणि वाळू टाकून देतं, आणि तिथली नदी उथळ होऊन हळूहळू उतरत जाते. ज्याला एवढं समजलं त्याने अर्ध्या लांब फेका वाचवल्या. बाहेरच्या काठावर बसून वीस वाव लांब फेकणारा माणूस खोल पाण्यावरून गळ नेऊन समोरच्या उथळावर टाकत असतो. आतल्या काठावर बसला असेल, तर मात्र त्याला खरंच लांब फेकावं लागेल.

मला हे शिकवलं एका भोई आजोबांनी. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. त्यांच्याकडे कळकाची काठी, मोराच्या पिसाच्या देठाचं बूच आणि चिमटीत मावेल एवढं शिसं, एवढाच संसार. मी त्या वेळी कॉलेजात होतो. नवीन आणलेल्या रिळाने गळ भिरकावत होतो आणि बरोबरच्या पोरांनी पाहावं अशीही इच्छा होती. आप्पा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आरं पोरा, मासा काय पल्याड नांदतोय व्हय? चारा हिकडं, सावली हिकडं, झिंगं हिकडं. त्यो तिकडं कशाला जाईल?" आणि त्यांनी गळ पायापासून चार हातांवर, पाण्यात लोंबणाऱ्या गवताच्या कडेला अलगद सोडला. त्यांची पिशवी माझ्यापेक्षा नेहमीच जड असायची.

त्यांच्या या तीन शब्दांत, चारा, सावली, झिंगं, काठाचं सगळं शास्त्र आहे. काठावरच्या झाडांवरून किडे, मुंग्या, फळं पाण्यात पडतात. गवताच्या मुळांत झिंगे आणि गोगलगायी असतात. लहान मासे तिथे लपतात आणि त्यांच्या मागे मोठे येतात. मरळ हा तर काठाचाच मासा. तो हवेतला श्वास घेतो, त्याला अधूनमधून वर यावं लागतं, आणि गवतात, शेवाळात दबा धरून बेडकाची वाट पाहणं हे त्याचं काम. वांब दिवसा दगडांच्या फटीत आणि काठाच्या बिळांत असते आणि अंधार पडल्यावर गांडुळाच्या शोधात निघते. या दोघांसाठी लांब फेकणं म्हणजे दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला शेजारच्या गावात शोधायला जाणं.

मग लांब फेक लागते केव्हा? थंडीत, पाणी निवळ आणि गार झालं की मासा काठ सोडतो आणि डोहात खाली बसतो. कोयना धरणातून सोडलेलं पाणी कमी झालं आणि नदी एका रात्रीत हातभर उतरली, की काठाचा मासा बिचकून आत सरकतो. शिंगाळा संध्याकाळी प्रवाहाच्या कडेने तळाशी फिरतो, तो कडा आत असेल तर गळही आत न्यावा लागतो. ब्रह्मनाळच्या संगमावर पावसाळ्यात येरळेचं गढूळ पाणी आणि कृष्णेचं पाणी यांच्यामध्ये एक रेघ दिसते. त्या रेघेवर गळ पडला तर बात निराळी. तेव्हा लांब फेकायचं ते त्या रेघेपर्यंत, पुढे नाही.

लांब फेकण्याचं तंत्र अवघड नाही. काठी लांब, शिसं पुरेसं जड आणि तंगूस बारीक, या तीन गोष्टी जमल्या की फेक वाढते. जाड तंगूस हवेला अडतो. रिळावर तंगूस काठोकाठ भरलेला हवा. निम्मं रीळ रिकामं असेल तर दोरा सुटताना कडेला घासतो आणि फेक आखूड पडते. ताकदीपेक्षा सुटण्याची वेळ महत्त्वाची असते, गोफण चालवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. परदेशात लांब फेकण्याच्या स्पर्धा होतात आणि तिथे शिसं अडीचशे मीटरच्याही पुढे जातं. पण त्या स्पर्धा मैदानात होतात आणि गळाला आमिष नसतं. ही बारीक गोष्ट जाहिरातीतल्या काठ्या विकत घेणाऱ्या आमच्या तरुण मंडळींना कुणी सांगत नाही.

इथेच फेक आणि आमिष एकमेकांना बांधलेली आहेत. कणकेचा मऊ गोळा जोरात फेकला तर गळ पाण्यात जातो आणि गोळा हवेतच सुटून भलतीकडे पडतो. तुम्ही तासभर रिकामा गळ राखत बसता. लांब फेकायचं असेल तर आमिष घट्ट हवं, पण घट्ट आमिष माशाला आवडत नाही, त्याला पाण्यात हळूहळू विरघळून वास सोडणारं आमिष हवं असतं. म्हणून आमच्याकडचे जाणते लोक कणीक आणि शेंगपेंड एकत्र मळतात, तीत चिमूटभर हिंग घालतात आणि तळव्यावर गोळा आपटून बघतात. चिकटला तर सैल, तडकला तर कोरडा. पायाशी टाकायचा असेल तर सैल चालतो. गांडूळसुद्धा जोराच्या फेकीत फाटतं. ते गळावर नीट ओवलं, शेवटची बोटभर शेपटी मोकळी वळवळत ठेवली आणि बाजूने झुलवून सोडलं तरच जिवंत पोचतं. म्हणजे किती लांब जायचं हे खरं तर आमिष ठरवतं.

समुद्राकडे हीच गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहे. आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे गेलं, की किनाऱ्यावर संध्याकाळी गरी टाकणारे लोक दिसतात. आपण ज्याला गळ म्हणतो ती कोकणात गरी. तिथल्या दालदी मुसलमानांच्या कित्येक पिढ्या मासेमारीत गेल्या आहेत. त्यांच्यातल्या एका वयस्क मच्छीमाराबरोबर मी दोन संध्याकाळी पुळणीवर काढल्या. मी घाटावरचा माणूस, माझी समजूत अशी, की लाटांच्या पलीकडे, जितकं जमेल तितकं आत फेकायचं. त्यांनी मला ओहोटीच्या वेळी नेलं आणि नुसतं बघायला लावलं. पाणी उतरल्यावर वाळूत आडवा चर दिसतो, त्याच्या पलीकडे वाळूचा उंचवटा, आणि मध्येच एखादी वाट फुटलेली, जिच्यातून लाटांचं पाणी परत समुद्रात जातं. भरतीला हे सगळं झाकून जातं. पण लाट सांगते. उंचवट्यावर पाणी उथळ होतं तिथे लाट फुटते, चरावरून जाताना ती बसते, आणि पुन्हा किनाऱ्याशी फुटते. त्या बसलेल्या पट्ट्यात मासा असतो. लाटेने वाळू उकरली जाते, किडे आणि लहान खेकडे उघडे पडतात आणि मासे ते टिपायला येतात. मुडदुशीसारखा वाळूतला मासा तर कधी कधी गुडघाभर पाण्यात मिळतो, आणि नवखा माणूस नेमका त्याच पाण्यात उभा राहून पुढे फेकत असतो.

आमिषाच्या बाबतीत ते फार काटेकोर होते. मुडदुशीला सोललेल्या कोळंबीचा तुकडा, गरी लहान. शेंगाळ्याला तारलीचा किंवा बांगड्याचा तुकडा, वास जितका उग्र तितका बरा. माकूल लावलं तर ते चिवट असल्याने लांब फेकीतही टिकतं आणि लहान खेकडे ते सहज ओरबाडून नेऊ शकत नाहीत. तारली मऊ, ती बारीक दोऱ्याने गरीला गुंडाळून बांधायची, नाहीतर फेकताच सुटते. शिसंही तिथलं वेगळं. गोल शिसं लाटेबरोबर गडगडत किनाऱ्याला येतं, म्हणून चपटं किंवा तारेच्या नखांचं, वाळूत रुतणारं. ओहोटीला बघायचं आणि भरतीला टाकायचं, एवढंच मी तिथून घेऊन आलो. आमच्या नदीला भरती-ओहोटी नाही, पण मे महिना आहे. मे महिन्यात नदीकाठाने एकदा चालत जाऊन कुठे खडक, कुठे खड्डा, कुठे बुडालेलं झाड हे डोक्यात ठेवलं, की ते पुढचे दहा महिने उपयोगी पडतं.

आमिष हा विषय किती जुना आहे हे सांगायला हवं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाच्या करमणुकीचे जे प्रकार त्यात आहेत त्यांत मत्स्यविनोद हेही एक प्रकरण आहे. कोणता मासा कुठल्या पाण्यात राहतो, त्याला कोणतं खाद्य द्यावं, दोरी आणि गळ कसा असावा, हे त्यात सांगितलं आहे. हा ग्रंथ बडोद्याहून छापला गेला, आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहून ते विज्ञानाच्या अभ्यासकांपुढे आणलं. आमचा कृष्णाकाठ तेव्हा त्याच चालुक्यांच्या अमलाखाली होता. माशाला आवडेल ते त्याच्याच पाण्यातलं नाहीतर काठावरचं द्यावं, हे आप्पांना कुठल्या ग्रंथातून कळलेलं नव्हतं, पण राजाचे कोळी आणि आप्पा एकमेकांना सहज समजले असते.

माशांच्या नावांचीही एक गोष्ट आहे, आणि शब्दांत रमणाऱ्या माणसाला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडत होता. त्याने भीमेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या पाण्यातले मासे पाहिले आणि १८३९ साली त्यांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. नवीन जातींना नावं देताना त्याने काठावरच्या लोकांच्या तोंडची नावं उचलली. म्हणून आजही शास्त्रज्ञांच्या लॅटिन यादीत खुद्री, कोलस, गुंगवारी, पोटेल अशी मराठी नावं बसलेली आहेत. भीमा पुढे कृष्णेलाच मिळते, म्हणजे ही आमच्याच खोऱ्यातली माणसं, म्हणजे मासे म्हणायचं होतं. जगातल्या कुठल्याही विद्यापीठात दख्खनचा महाशीर म्हणायचा असेल तर खुद्री म्हणावंच लागतं. मात्र तो खुद्री माझ्या गळाला आमच्या पट्ट्यात आजवर एकदाही लागलेला नाही.

त्याची जागा कुणी घेतली? आधी कटला, रोहू आणि मृगळ यांनी. हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवून आणलं. पुढे त्यांचं बीज मुबलक मिळू लागलं आणि ते देशभरच्या तळ्यांत व धरणांत सोडलं गेलं. कटला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, म्हणून बूच किती वर सरकवायचं हे त्यावर ठरतं. नंतर आली चिलापी. तिलापिया हे तिचं खरं नाव, मूळ गाव आफ्रिका, भारतात आगमन १९५२. नर काठाजवळच्या चिखलात ताटलीएवढा खड्डा करतो आणि मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते. चिलापीला काहीही चालतं. मैदा, पाव, शिळा भात, भेळेतले कुरमुरेसुद्धा. पाणी खराब असलं तरी ती तग धरते.

इथे मला जे बोलायचं आहे ते येतं. पूर्वी आम्ही आमिष घरून नेत नव्हतो, नदीकडूनच घेत होतो. मृग नक्षत्राच्या पावसाने शेतातली गांडुळं वर आली की गांडूळ. नवं गढूळ पाणी काठ भरून आलं की त्याच वाहत आलेल्या गांडुळांना मासे कडेला येतात, तेव्हा फेक शून्य आणि आमिष फुकट. श्रावणात नाकतोडे. दिवाळीनंतर गवताखालचे झिंगे. उन्हाळ्यात उंबर. भिलवडीच्या काठाला भुवनेश्वरी आणि समोरच्या काठाला औदुंबरचे दत्त, तेव्हा उंबराचं महत्त्व आम्हाला कुणी सांगायला नको. पिकलेलं उंबर पाण्यात पडलं की डुबूक आवाज होतो आणि खाली मासे जमतात. त्यात आतल्या किड्यांचंही जेवण मिळतं. झाडाखाली त्याच झाडाचं उंबर गळाला लावून नुसतं सोडून द्यायचं. घाटाजवळ मात्र गळ टाकायचा नाही. हे मला कुणी सांगावं लागलं नाही, भाविकांनी टाकलेल्या लाह्या खाणाऱ्या माशाला फसवणं मुळातच बरं वाटत नाही.

आता काठावरची उंबरं, जांभळं, करंज ठिकठिकाणी कमी झाले आहेत. उसाचा शेवटचा सरा पाण्याच्या कडेपर्यंत आला आहे. आणि आमिष दुकानातून येतं, मैद्याचं. कुठल्या ठिकाणी कोणतं आमिष चालतं यावरून मी आता नदीची तब्येत ओळखतो. जिथे झिंग्याला मासा लागतो तिथली नदी बरी आहे. जिथे फक्त मैदा चालतो आणि फक्त चिलापी लागते तिथे काहीतरी बिघडलेलं आहे. झिंगा नाजूक जीव, पाण्यातला प्राणवायू कमी झाला की तो फार काळ टिकत नाही.

आमच्याकडे मळी हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. नदीने पुरात आणून टाकलेल्या गाळाची काठची जमीन ती मळी, वांग्याला आणि भाजीला तिच्यासारखी जमीन नाही. आणि साखर कारखान्यात उसाच्या रसापासून साखर काढल्यावर उरते तीही मळी. हे दुसऱ्या मळीचं पाणी आणि गावोगावचं सांडपाणी नदीत मिसळलं, की ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. २०२२ सालच्या जुलैत आणि पुन्हा २०२३ सालच्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. लहान चिंगळ्यांपासून हातभर लांबीच्या माशांपर्यंत. त्याआधी मासा पाण्याच्या वर तोंड काढून हवा ओढतो आणि कडेला येतो. अशा वेळी गळ, आमिष, अंतर काहीच लागत नाही. टोपलीने मासे भरता येतात, आणि लोक भरतातही.

पाण्यात आपोआप मरून वर तरंगलेला मासा खायचा नाही, असा आमच्या घरात दंडक होता. हनफी पंथाच्या मुसलमानांत तो शास्त्राने सांगितलेला आहे. कोकणातले आमचे शाफई बांधव तो इतका कडक मानत नाहीत. लहानपणी मला वाटायचं, मासा तो मासा, कसा मेला याच्याशी काय करायचं आहे? माझी दादी म्हणायची, "बेटा, क्यूं मऱ्या वो मालूम नै ना, तो मत खाव." आप्पांनाही हाच नियम होता, त्यांच्या तो कुठल्या शास्त्रात होता कोण जाणे. ते म्हणायचे, "त्यो कशानं मेलाय त्ये आदी बघावं." दोघांनीही विचारायला सांगितलेला प्रश्न तोच आहे आणि तो मासे गोळा करण्याच्या घाईत कुणी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट, ती जिवावरची आहे म्हणून सांगतो. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप या पट्ट्यात मगरी आहेत. नदी त्यांचीही आहे, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्यांना वरच्या दर्जाचं संरक्षण आहे. थंडीत त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी काठाच्या वाळूत-मातीत अंडी घालतात आणि पावसाच्या आगेमागे पिल्लं बाहेर येतात, तेव्हा मादी जवळच असते. मगरीच्या हल्ल्यात कृष्णाकाठची माणसं गेली आहेत, त्यांत पोरंही होती. आता याचा फेकीशी संबंध असा. ज्याला लांब फेकायचं असतं तो पाण्यात उतरतो, घोटाभर, मग गुडघाभर. त्याचा गळ लांबवर खडकात किंवा बुडालेल्या बाभळीत अडकतो. शंभर रुपयांचा गळ सोडवायला तो आणखी आत जातो. हे कधीही करू नये. तंगूस तोडावा आणि घरी यावं. दरडीच्या टोकावर न बसता दोन हात मागे बसावं, अंधारात पाण्याच्या कडेला हात धुवायला वाकू नये, मासा काठावर साफ करून आतडी पाण्यात टाकू नयेत. कोंबडीची आतडी आमिष म्हणून पोत्याने आणणारे लोक मी पाहिले आहेत. माशाबरोबर दुसरंही कुणी त्या वासाला येतं, हे त्यांच्या लक्षात येत नाही. आणि तुटलेला तंगूस जेवढा हाती येईल तेवढा गोळा करून घरी न्यावा. तो कुजत नाही, आणि बगळ्याच्या पायात गुंतला तर पाय तरी जातो नाहीतर बगळा.

पुरात गळ टाकायला जाण्यात मर्दुमकी नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांनी आम्हाला पाणी काय करतं ते दाखवलं आहे, आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली ती मासे धरायला नव्हती गेली, जीव वाचवायला निघाली होती. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर येणारे चढणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात. ते ओढ्याच्या तोंडाशी अडवून पकडणं फार सोपं असतं. मी त्या पंधरा-वीस दिवसांत काठी माळ्यावर ठेवतो. मरळीच्या पिल्लांचा लालसर पुंजका पाण्यावर दिसला तर त्याच्याखाली आई-बाप राखणीला असतात, आणि पुंजक्याजवळ जे पडेल त्यावर ते तुटून पडतात. अशा वेळी गळ टाकणाऱ्याला आप्पा तोंडावर शिव्या द्यायचे.

आता पोरं फोनवरून काठ्या मागवतात, घडीच्या, चकचकीत. ती मला विचारतात, "चाचा, कुठलं रीळ घेऊ?" मी त्यांना आधी एक कामं सांगतो. पहिला मासा मिळाला की घरी नेऊन त्याचं पोट उघडून बघा. आत उंबराच्या बिया आहेत, की गोगलगायीची शिंपली, की झिंग्याच्या मिशा, की काळा चिखल. दुसऱ्या दिवशीचं आमिष तिथेच लिहिलेलं असतं. गळाचा नंबरही त्यावरूनच ठरतो. नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हा उलटा हिशेब एकदा लक्षात ठेवायचा. लहान तोंडाच्या माशाला मोठा गळ लावणारे आमिष खाऊ घालून परत येतात.

आणि नदीवर पोचल्यावर काठी जोडायच्या आधी मी एक काम करतो. काठाच्या गवताखाली चाळण फिरवतो, दोन-तीन वेळा, थोडं पुढे जाऊन पुन्हा. चाळणीत झिंगे उड्या मारू लागले तर त्यांतलाच एक शेपटाकडून गळाला लावतो आणि पायापासून चार हातांवर सोडतो. चाळण रिकामी आली, किंवा तिच्यातल्या चिखलाला सडका वास आला, तर पुढच्या वळणावर जाऊन बघतो. गेल्या हिवाळ्यात ब्रह्मनाळच्या वर झिंगे होते. आमणापूरच्या बाजूला एका ठिकाणी तीन वेळा चाळण घातली तेव्हा दोन निघाले. आमच्या घरात आता दोन चाळण्या आहेत, आणि त्यांतल्या एकीला बायको हात लावत नाही.